डाव्या बटनाची सुतळी

२००३ साली त्र्यंबक रोडवरच्या आमच्या आवारात मातीच्या विटा दाबायचं मशीन आलं. ते चालवायचा मान मला मिळाला आणि मी लगेच शेफारलो. हवेच्या जोरावर तेल रेटलं जायचं, तेलाच्या जोरावर दट्ट्या साच्यात उतरायचा, आणि मुरमाड मातीची भट्टीशिवाय पक्की वीट व्हायची. शिकवायला आलेल्या मिस्त्रीने बजावलं होतं, "दोन बटनं, दोन हातांनी, एकदम. दोन्ही हात बटनावर असले म्हणजे साच्यात एकही नाय."

हे मला पटलं, पण दोनच दिवस. डाव्या हाताने साच्यातली माती सारखी करत उजव्याने बटन दाबलं, तर दिवसाला शंभरेक विटा जास्त निघतात हे माझ्या लक्षात आलं. मग मी डावं बटन दाबून सुतळीने कायमचं आवळून टाकलं. माती चाळणाऱ्या नवसाबाईने एकदा त्याबद्दल विचारलं, तर म्हणालो, "तुम्ही तुमची चाळणी बघा." ती मखमलाबादची. घरचा झेंडू होता, पण फुलांचा भाव पडला की आमच्याकडे कामाला यायची.

खंडेनवमीला आम्ही मशीन धुऊन पुसून त्याची पूजा केली. नारळ फोडून मी घरी सटकलो. हार बांधायचं काम नवसाबाईवर सोडलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. पहिल्याच विटेची माती साच्यात भरली आणि डाव्या हाताने सारखी करू लागलो. तेवढ्यात फाटकातून कुणीतरी ओरडलं, "मल्हारी, टेम्पो आला!" मी तिकडे बघितलं आणि सवयीने उजवा हात बटनावर पडला. मशीन ढिम्म. पुन्हा दाबलं, तरी ढिम्म.

"कुणी हात लावला मशीनला?" म्हणत चिडून वळलो. डावं बटन मोकळं होतं आणि माझा डावा हात मनगटापर्यंत साच्यात होता.

मी हात झटकन बाहेर ओढला आणि छातीशी धरला. नवसाबाई चाळणी टाकून आली. "हाराला दोरा पुरला नाय, म्हणून ती सुतळी सोडून बांधला. कामाची होती का?"

"नव्हती," मी म्हणालो.

माझी सृष्टी तेव्हा सात महिन्यांची होती. संध्याकाळी तिला उचललं, तर डावा हात तिच्या मानेखाली होता. मला रडू आवरेना. बायकोला वाटलं, कुठे भांडून आलो.

भाऊबीजेला साडी घेऊन मखमलाबादला गेलो. नवसाबाईला काही कळेना, तरी तिने पाट मांडून ओवाळलं. ओवाळणी उजव्या हाताने घालतात. मी साडी दोन्ही हातांनी पुढे केली.

ती हसली. "भाऊ, साडी हाय, घमेलं नाय. एका हातानं उचलती."

"डावा तुमच्यामुळं ऱ्हायला, अक्का," मी म्हणालो. "तो बी लागू द्या."