सप्तापुरातलं पॉम्पेई

आराखडा चौथा

९.०० : नगराचा दरवाजा (सप्तापूरची विहीर)
९.१० : मोठा चौक (रिक्षा स्टँड)
९.२० : स्नानगृह (कटिंगचं दुकान)
९.३० : भट्टी आणि गिरणी (पिठाची गिरणी)
१०.०० : नाट्यगृह (शाळेचा हॉल)
१०.३० : ग्लॅडिएटरांचं मैदान (पोरं क्रिकेट खेळतात ते)

कंसाबाहेरचं सगळं इटलीत आणि कंसातलं सगळं धारवाडात. हा कागद उत्तराबाईंनी केला होता, आणि त्यामागं एकतीस वर्षांची मास्तरकी होती. शाळेच्या सहली त्यांनी बदामीला नेल्या, ऐहोळेला नेल्या, हंपीला तर सहा वेळा. नियम एकच: पोरांना न्यायच्या आधी आपण जाऊन यायचं. पाणी कुठं, सावली कुठं, पोरं पांगतात कुठं, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकाही पालकाची सही घ्यायची नाही.

आता पॉम्पेईला जायच्या आधी पॉम्पेईला कसं जाऊन यायचं? म्हणून त्यांनी ते सप्तापुरात आणलं. नेपल्सला नोकरी करणाऱ्या लेकीकडून, वेदश्रीकडून, नकाशा मागवला, अंतरं पावलांनी मोजली आणि मुद्दाम पाइपलाइनसाठी खणलेली गल्ली निवडली. तिथले रस्तेही असेच मोठमोठ्या दगडांचे, असं वेदश्रीनं सांगितलं होतं.

कोणासाठी?

अक्कासाठी. उत्तराबाईंची थोरली बहीण इंदुमती, वय एकाहत्तर, राहणार हुबळी, कमरीपेठ. नवरा गेल्यावर पिठाची गिरणी चाळीस वर्षं तिनं चालवली. आता मुलगा सुमंत चालवतो आणि ती शेजारी खुर्ची टाकून त्याच्या चुका काढते. वेदश्रीनं एकदा पॉम्पेईचे वीस-बावीस फोटो पाठवले होते. अक्कानं भराभर बोट फिरवलं आणि एकावर थांबली. पडक्या भिंतींचं अंगण, त्यात कमरेएवढी चार दगडी जाती, मागं विटांची भट्टी.

"ही गिरणी मालकानं बंद केलेली नाही," अक्का म्हणाली. "दळण चालू असताना सोडून गेलाय."

कोणी काही सांगितलं नव्हतं. ज्वालामुखीचं नावसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. उत्तराबाईंनी त्याच दिवशी ठरवलं की अक्काला न्यायचं.

पण अक्काचा डावा गुडघा. अक्काची अट अशी: "धारवाडात चालून दाखवते. जमलं तर येते. नाही जमलं तर तू जा, मला फोटो पाठव. परक्या मुलुखात मी रस्त्यात बसले तर त्या पोरीची सुट्टी माझे पाय चेपण्यात जाईल." आणि वेदश्रीला तिकिटं आज संध्याकाळपर्यंत काढायची होती. एक की दोन, तेवढंच सांगायचं होतं.

९.००
अक्का हुबळीहून येणाऱ्या चिगरी बसमधून उतरून विहिरीपाशी वेळेत हजर. पायात सुमंतचे स्पोर्ट्स शूज, दोन मोज्यांवर बसवलेले.
"हाच का दरवाजा?"
"हाच. तिकीट दाखव."
"मास्तरीण, तुझी पेन्शन चालू आहे ना? मग आता पोरं नाहीत म्हणून माझ्यावर हात साफ करू नकोस."

९.१०
रिक्षा स्टँड. वेळेवर. उत्तराबाईंनी टिकमार्क केला.

९.२०
कटिंगचं दुकान. दोन मिनिटं उशीर. चर ओलांडताना अक्कानं बहिणीचा खांदा धरला तो पुढं सोडला नाही. बोलणंही थांबलं. आपली अक्का गप्प झाली की कुठंतरी दुखतंय, हे उत्तराबाईंना लहानपणापासून माहीत.

९.३८
गिरणी. आत जोंधळे दळले जात होते. अक्का उंबऱ्यापाशी थबकली, मान तिरकी केली.
"अण्णा, कल्लु सवदाव," तिनं आतल्या माणसाला कन्नडमध्ये सांगितलं. दगड झिजलेत.
पिठानं पांढरा झालेला गिरणीवाला बाहेर आला. या बाईला काय कळतंय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. अक्कानं पडणारं पीठ चिमटीत घेतलं, चोळलं, त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानंही चोळलं.
"हौदरी, अक्का," खरंय, असं म्हणत त्यानं स्टूल पुढं केलं.

१०.००
नाट्यगृहाची वेळ. अक्का स्टुलावर. जात्याच्या दगडांना टाकी कोण लावतं, किती दिवसांनी लावतं, ओलं धान्य लोक गुपचूप कसं आणतात, अशी चर्चा रंगात आलेली.

१०.२०
"चल की अक्का."
अक्का उठली, दोन पावलं टाकली आणि पुन्हा बसली. गुडघा धरून ती हसली, पण ते हसू खरं नव्हतं. "इथवरच गं. पुढचं काही होत नाही. सांग पोरीला, एकच तिकीट."

उत्तराबाईंनी कागद उघडला. अटीप्रमाणं निकाल लागला होता. एकतीस वर्षांत त्यांनी ठरलेला कार्यक्रम कधी मोडला नव्हता; बदामीला पाऊस आला तरी सगळी लेणी दाखवूनच पोरं खाली उतरवली होती. त्यांनी पेन काढलं. नाट्यगृहावर रेघ मारली. मैदानाशी हात जरा अडला, कारण ते त्यांना स्वतःला बघायचं होतं. मग त्यावरही मारली.

"हे काय करतेस?"
"गिरणीपर्यंत आलीस ना? तिथं एवढंच बघायचं."
"इतक्या लांब विमानानं जाऊन एक गिरणी?"
"हुबळीत चाळीस वर्षं काय बघितलंस?"
गिरणीवाल्याला मराठी समजत होतं. तो तोंड फिरवून हसला.
"आणि परत येताना?" अक्कानं विचारलं.
"आणखी तासभर बसलीस की चालशील तू. बघू आता."

तासभर बसली. चालली. हळू, पण विहिरीपर्यंत चालली, आणि वाटेत कटिंगवाल्याला तुमचं स्नानगृह झाडून घ्या म्हणून सांगितलं.

संध्याकाळी वेदश्रीला फोन लागला.
"दोन," उत्तराबाई म्हणाल्या.
अक्कानं फोन हिसकावून घेतला. "वेदू, त्या गिरणीपाशी बसायला काही आहे का?"
"कडेला दगडी कठडा आहे, मावशी. सकाळी सावलीही असते. पण आत सोडत नाहीत हं, कठड्याच्या बाहेरून बघायचं."
"बाहेरूनच बघते. दळण आणणारी माणसं बाहेरच थांबतात."

आराखडा पाचवा

९.०० : नगराचा दरवाजा
९.४० : गिरणी
१०.३० : गिरणी (उत्तरा पळत जाऊन मैदान बघून येईल, वेदश्री अक्कापाशी)
११.३० : गिरणी

त्याखाली अक्काच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात: घाई करू नये.