पहिलं दार कुणी उघडलं

त्या काळी पोशीरमध्ये वाचता येणारी बाई एकच होती, मालोजीची बायको जयवंता. तिचं माहेर खालापूरकडचं. तिथं मिशनच्या एक बाई ओसरीवर मुली जमवून अक्षरं शिकवीत, आणि जयवंताच्या बापानं लोकांची बोलणी खाऊन तिला तिकडं पाठवली होती. लग्नानंतर मात्र वाचायला काही मिळालं नाही. वाण्याच्या पुडीचा कागद चुलीत घालायच्या आधी ती वाचून घ्यायची, एवढंच.

मग एका दिवाळीत नेरळच्या बाजारात त्याच बाई अवचित भेटल्या. केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली. त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. म्हणाल्या, "येशूच्या लेकरांसाठी लिहिलेली गोष्ट आहे, पण वाचायला कुणाला बंदी नाही. दुसरा भाग छापून आला की पाठवते."

जयवंतानं ते चुलीपुढं बसून वाचलं आणि तव्यावरची भाकरी करपली. पहिलीच ओळ अशी होती: 'ही हकिकत अजून घडलेली नाही, घडावयाची आहे.' नदीकाठचं एक शहर. तिथले लोक प्रार्थना विसरलेले. एके दिवशी तिन्हीसांजेला राखेच्या रंगाची घोंगडी पांघरलेला एक उंच पाहुणा येतो आणि दार वाजवतो. जे घर दार उघडतं त्या घराची चूल दुसऱ्या दिवशी पेटत नाही. आणि त्याला शहरात शिरता येतं ते एकाच कारणानं. तिथल्याच कुणीतरी आपण होऊन त्याला पहिलं दार उघडून दिलेलं असतं. शेवटच्या पानावर योहान नावाचा नावाडी भरल्या प्रार्थनामंदिरात उभा राहतो आणि म्हणतो, 'पहिलं दार कुणी उघडलं ते मला ठाऊक आहे.'

तिथंच पुस्तक संपत होतं. त्यानंतर कितीतरी दिवस जयवंता सांजेला गोठ्यात एकटी जायला धजली नाही. भीती वाटायची, आणि तरी पुन्हा वाचावंसं वाटायचं.

सुगी उरकली की दुपारी आळीतल्या बायका इंदूबाईच्या पडवीत भात कांडायला जमत. इंदूबाई म्हणजे जयवंताची सासू. जिभेनं तिखट, पण सुनेला अक्षर येतं याचा तिला भारी तोरा.

"मनातल्या मनात काय वाचतीस गं? मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "आमी काय भिंती हाव?"

जयवंतानं पुस्तक आणलं, तर म्हातारीनं पाट मांडला, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

"आत्या, ही पोथी नव्हं. रचलेली गोष्ट हाय."

"छापलंय ना?"

"छापलंय."

"मग? खोटं कोन छापील? पैशे काय वर आल्यात छापनाऱ्याचे?"

शेजारची सुंदरा मुसळ थांबवून म्हणाली, "पन या पोथीत देव कुटं दिसत नाय गं अजून."

"येल की शेवटाला. आपला तरी कुटं लगीच येतो?" इंदूबाई म्हणाली, आणि पडवी हसली.

पण वाचन सुरू झालं तसं हसणं थांबलं. उखळं थांबली. पोरींनी आयांचे पदर धरले, जयवंताची लहानगी जनी तिला बिलगली. रोज दुपारी थोडं थोडं वाचून व्हायचं, उठताना बायका पुस्तकाला हात लावून नमस्कार करायच्या. जयवंतालाही ते गोड लागत होतं. आवाज कुठं उतरवायचा, कुठं थांबायचं, हे तिला आपोआप कळायला लागलं. ती थांबली की सगळ्यांचा श्वास थांबायचा.

भात कांडायला ठकीही असायची. डोंगरावरच्या ठाकरवाडीतली विधवा. सुगीला कामाला आली ती इंदूबाईच्या गोठ्यातच राहिली होती. तिच्या अंगावर जुनी राखी घोंगडी असे. पाहुण्याचं वर्णन आलं तेव्हा दोघीतिघींनी तिच्याकडं वळून पाहिलं. ठकीनं घोंगडी काढून मांडीखाली घेतली.

पुस्तक शेवटच्या पानाला आलं आणि जयवंतानं ते मिटलं.

"पुढं?"

"पुढचा भाग बाई धाडनार हायत."

इंदूबाईचा चेहरा उतरला. "म्हंजे पोथी अर्धी ऱ्हायली?"

पोथी लावली की समाप्ती करायची, अर्ध्यात सोडायची नाही, नाहीतर ज्याला तिच्यात बोलावलं तो माघारी जात नाही, हे पडवीतल्या लेकरालाही माहीत होतं. जयवंता पुन्हा म्हणाली, ही पोथी नव्हं. कुणी ऐकलं नाही. दुसरा भाग काही आला नाही. मुंबईत गाठीचा ताप, प्लेग, सुटला होता, बाई तिकडं गेल्या होत्या, आणि त्यांची खबर सांगणारं कुणी नव्हतं.

माघात नेरळच्या स्टेशनात उतारूंच्या काखा तपासायला लागले. मालोजी रेल्वेच्या कामावर घाटाकडं होता, तो तिकडंच अडकला. त्यानं निरोप धाडला की ताप लागलेल्या गावची माणसं घरं सोडून रानात झोपड्या बांधून राहतात, तुम्हीही तसंच करा. कुणी मनावर घेतलं नाही. घर सोडायचं म्हणजे भाताच्या कणग्या कुणाच्या भरवशावर टाकायच्या?

मग वेशीजवळच्या नामाच्या घरात उंदीर मरून पडले. पाठोपाठ त्याची बायको गेली, मग थोरला मुलगा. त्या घराची चूल पेटली नाही.

सुंदराच पाणवठ्यावर बोलली. "त्याच्या आदल्या सांजेला ठकी नामाच्या दारात लाकडं घेऊन हुभी व्हती. घोंगडी पांघरून. नामाच्या बायकूनं दार उघाडलं."

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. उजाडल्यावर ठकीला गोठ्यातून ओढून देवळापुढं आणलं. भुताळी, चेटकीण ठरवलेल्या बाईचं काय करतात ते जयवंतानं माहेरी लहानपणी पाहिलं होतं. त्या बाईचं ओरडणं नव्हे, ओरडणं थांबल्यावर लोक घरी जाऊन जेवायला बसले, ते तिच्या लक्षात राहिलं होतं.

आबाजी पाटील मोठ्या मनाचा माणूस समजला जायचा. तो पारावर बसून म्हणाला, "असं एकदम काय करायचं नाय. पोथीत नाव हाय म्हनतात, अर्धी पोथी कोन छापील? मालोजीच्या बायकूला बोलवा. समाप्ती करू, नाव निघंल. दुसऱ्या कुनाचं निघालं तर हिला सोडू."

"आनि हिचंच निघालं तर?" कुणीतरी विचारलं.

ठकी भिंतीला टेकून उभी होती. हात बांधलेले. ती जयवंताकडं बघतसुद्धा नव्हती.

पाट मांडला गेला. जयवंता पुस्तक घेऊन बसली. 'शेवटचं पान झालंय' म्हणावं तर नाव लोकच काढणार होते. तिनं शेवटचं पान उघडलं, खाली कोरी जागा होती तिच्यावर बोट ठेवलं, आणि वाचायला लागली.

"योहान म्हणाला, बंधूंनो, पहिलं दार कुणा एकानं उघडलं नाही. त्या सांजेला आपल्या सर्वांचीच दारं उघडी होती. ज्याच्यावर तुम्ही हात टाकाल, त्याच्या हाताला तुमच्याइतकंच पाप असेल, अधिक नाही."

पुस्तकी शब्द तिच्या तोंडातून असे यायला लागले की तिचं तिलाच नवल वाटलं. कुणी हललं नाही. तिनं बोट पुढं सरकवलं.

"परमेश्वराची आज्ञा आहे की घरं सोडा. वस्त्रं उन्हात टाका. माळावर जा, आणि कुणालाही मागं ठेवू नका. पाहुणा दारं वाजवील, परंतु आत कुणी नसेल."

"आनि मग तो माळावर आला म्हंजे?" आबाजीनं मध्येच विचारलं. "त्याला कळनार कसं, गाव उठला म्हून? तो मागं यील की."

सगळे तिच्या तोंडाकडं बघायला लागले. ठकीही. जयवंताचं बोट कोऱ्या कागदावर थांबलं. थांबून चालणार नव्हतं.

"तेव्हा," ती म्हणाली, "नावाड्याची म्हातारी आई आपण होऊन मागं राहिली. ती उंबऱ्यावर बसली. पाहुणा आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं की गाव उठला, आता इथं तुझं कुणी नाही. आणि तो आल्या वाटेनं परत फिरला."

बायकांनी डोळे पुसले. आबाजीनं हात जोडले. गूळ वाटला गेला. ठकीचे हात सोडले, आणि सूर्य माथ्यावर यायच्या आत गाव बोचकी बांधायला लागला. मालोजीच्या निरोपानं जे झालं नव्हतं ते कोऱ्या जागेनं केलं. जयवंता घराकडं आली ती जवळजवळ पळत.

इंदूबाई उंबऱ्यावर बसली होती.

"आत्या, उठा. जनीला सुंदरा घेऊन गेली फुडं."

"तुमी व्हा फुडं. मी सांगते ना त्याला."

जयवंता तिच्यापुढं बसली. आजूबाजूला पाहून हळू आवाजात म्हणाली, "आत्या, ते छापलेलं नव्हतं. पान संपलं व्हतं. मी रचलं."

म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं. "ठकीपायी?"

"व्हय."

"बरं केलंस." मग म्हणाली, "आनि म्हातारी? तीबी तूच ठेवलीस?"

"पाटलानं इचारलं म्हून, एकदम..."

"इचारलं खरं. पन गावात बापये हायत, तरनी पोरं हायत. तुला म्हातारीच सुचली व्हय गं?"

बाहेरून बैलगाडीचा आवाज येत होता, कुणीतरी कोंबड्या पकडत होतं.

"मी जाते, समद्यांना खरं सांगते," ती शेवटी म्हणाली.

"सांग की. म्हंजे माघारी येतील आनि ठकीला धरतील. आनि मी उठले तर आबाजी इचारंल, उंबऱ्यावर कोन? मग दुसरी कुनी बसवतील, नायतर ठकीलाच." इंदूबाई डावा हात अंगाशी धरून बसली होती. उजव्या हातानं तिनं बोचकं सुनेकडं ढकललं. "जा. पोर रडत आसंल."

जयवंता गेली. जाताना तिनं पाठीमागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती गेली नसती.

माळावरच्या रिकाम्या खाचरांत तिन्हीसांजेपर्यंत चुली मांडल्या गेल्या. गाव समोर दिसत होता. सगळी दारं ओढलेली, एकच उघडं. माणसं गावाकडं तोंड करून बसली होती. जो तो इंदूबाईची वाखाणणी करत होता. ठकी एका बांधापाशी लांब बसली होती. तिच्याजवळ कुणी गेलं नाही, पण तिला कुणी उठवलंही नाही.

"जयवंता," आबाजीनं हाक मारली, "त्या म्हातारीचं पुडं काय झालं गं?"

बोलणी थांबली. जयवंता जनीला थोपटत होती. मग तिच्या ध्यानात आलं, अजून पान कोरंच आहे.

"ती उठली," ती घाईनं म्हणाली. "पाहुणा फिरला तशी ती उठली, दार ओढून घेतलं, आनि त्याच सांजेला माळावर आली. चालत. तिला काय बी झालं नाय."

"त्याच सांजेला?"

"व्हय."

आबाजीनं गावाकडं पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. दार उघडं होतं. उंबऱ्यावरची आकृती चौकटीला टेकून बसली होती आणि हलत नव्हती.

"मग इंदूबाई अजून का उठंना?" आबाजी म्हणाला.

जयवंता जनीला सुंदराच्या मांडीवर टाकून चालायला लागली. कुणी तिच्याबरोबर आलं नाही. वेशीपाशी नामाचं घर होतं, तिथून ती धावली. घरासमोर आली तेव्हा म्हातारीनं मान उचलली. जयवंताच्या जिवात जीव आला.

"आत्या, चला. मी सांगितलंय त्यांना, म्हातारी परत येते म्हून. तुमी या आता."

"तितंच थांब."

"आत्या..."

"तितंच थांब म्हनते ना. सकाळधरनं काखंत गाठ हाय. देवळापाशी समाप्तीला बसले तवा बी व्हती." इंदूबाईचा आवाज नेहमीसारखाच तिखट होता, फक्त बारीक. "माळावर घेऊन येऊ व्हय ती?"

जयवंता रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. पुढं पाऊल टाकलं की म्हातारी उजवा हात वर करायची. मागं, माळावर, सगळा गाव उभा राहून तिच्याकडं बघत होता. इतक्या लांबून शब्द ऐकू जात नव्हते. ती परत येऊन काय सांगते त्याची ते वाट बघत होते.

"त्यांना काय सांगू?" तिनं विचारलं.

"ते तू बघ," इंदूबाई म्हणाली आणि डोळे मिटून तिनं डोकं चौकटीला टेकलं. "पन ठकीचं नाव घेऊ नको."