पुसलेले ठिपके

शेळगावच्या माळावर उन्हाची झळ थरथरू लागली, की मला आमच्या मेंढपाळ सोपानआबांची जीभ आठवते. ओवीचा चरण संपला की ती टाळूवर आपटे, ‘टक्’ असा कोरडा ध्वनी उमटे, आणि पांगलेली चाळीस मेंढरं एकदम माना वर करत.

घशाच्या शस्त्रक्रियेत आबांचा आवाज कायमचा जाणार होता. ‘मी मुका झाल्यावर मेंढरं कुनाच्या हाकंनं येत्याल?’ एवढीच त्यांची चिंता. मी तेव्हा बारामतीत संगणक शिकवत होते. टेप झिजते, संगणकातले आकडे झिजत नाहीत, हे मी पत्रकं वाटावीत अशा आवेशानं सांगत सुटे. त्याच आवेशात आबांना मायक्रोफोनपुढं बसवलं. ते गात गेले आणि पडद्यावर प्रत्येक सुराची आडवी कांडी उमटत गेली. ते यंत्र आवाज ठेवत नव्हतं; सुराची उंची आणि लांबी तेवढी टिपत होतं.

‘पोरी, ही तर मुंग्यांची रांग हाय. ह्यात मी कुठं हाय?’

‘हे तुम्हीच, आबा.’

‘व्हय? मंग मला खोकला कसा न्हाय?’

खोकला मी पुसला होता. चरणांच्या मध्ये उमटलेले, कुठल्याच सुरात न बसणारे ठिपकेही यंत्राची चूक समजून पुसले होते.

शस्त्रक्रियेनंतर ती ओवी संगणकाच्या बासरीत वाजवली, आणि माळावर नेण्यासाठी शेवटी टेपवरच उतरवली. स्वच्छ, निर्दोष सूर उन्हात पसरले. मेंढरं चरत राहिली. एकही कान हलला नाही. गळ्याला पट्टी बांधलेले आबा बाभळीखाली बसून ऐकत होते. चरण संपला, रिकामी जागा आली, आणि त्यांनी जीभ टाळूवर आपटली.

टक्.

चाळीस माना वर झाल्या. आबांनी माझ्यापुढं रिकामी ओंजळ धरली. हे कुठं ठेवलंस, असं विचारल्यासारखी.

पुढच्याच उन्हाळ्यात आबा गेले. काल तीच टेप मी माळावर लावली. समोरची कोकरं आबांच्या पश्चात जन्मलेली, त्यांचा आवाज कधीच न ऐकलेली. बासरी वाजत होती तोवर ती चरत होती. चरण संपला, मी पुसलेली जागा आली, काहीच वाजलं नाही, आणि सगळ्या माना बाभळीकडे वळल्या.

काळ माणसाचं काय जपतो, ते मला अजून कळलेलं नाही. पण जिथून आपण माणसाला पुसतो, तिथूनच तो हाक मारत राहतो.