खड्गपात्र

शिंग मुळाकडून वाढतं. टोक सर्वांत जुनं, मुळाकडचा भाग सर्वांत नवा. म्हणून मी जगन्नाथकाकांच्या पात्राचे दोन कण काढले होते: एक तळाचा, म्हणजे टोकाकडचा, आणि एक काठाचा, मुळाकडचा.

पात्र त्यांनीच माझ्याकडे दिलं होतं. ते चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. मी वन्यप्राण्यांचे अवशेष तपासणाऱ्या एका लॅबमध्ये पीएच.डी. करत होते. चँडलरच्या त्यांच्या घरी मी दर शनिवारी जेवायला जायची. काकांचे वडील २००१च्या सप्टेंबरात अकोल्याला वारले, अमेरिकेतली विमानं बंद होती त्याच आठवड्यात. अग्नी चुलतभावानं दिला. तेव्हापासून दर पितृपक्षात काका मागच्या अंगणात, ॲरिझोनाच्या त्या उन्हात, उघड्या अंगानं तर्पण करत. गेल्या वर्षी, २००५मध्ये, एका जुन्या पोथीत त्यांना सापडलं, की गेंड्याच्या शिंगाच्या पात्रातून, म्हणजे खड्गपात्रातून, दिलेलं पाणी पितरांना अक्षय पोचतं. त्यांनी ते मिळवलंच.

"शंभर वर्षांपूर्वीचं आहे म्हणाला विकणारा," ते मला म्हणाले होते. "पण म्हशीचं शिंग गळ्यात मारलं नाही ना, एवढं बघ. तुझ्या मशीनला कळेल ना?"

कळलं. शिंग भारतीय एकशिंगी गेंड्याचं होतं, मादीचं. पन्नास-साठच्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत जादा कार्बन मिसळला, किरणोत्सारी. तो तेव्हापासूनच्या प्रत्येक जिवात उतरतो आणि हवेतलं त्याचं प्रमाण वर्षागणिक कमी होत आलंय. त्यामुळे किती आहे त्यावरून साल काढता येतं. तळाचा कण नव्वदच्या दशकातला निघाला. काठाचा, २००४चा. मी चाचणी पुन्हा केली. तेच.

शनिवारी मी पात्र न घेता गेले.

"रिकाम्या हातानं?" काकांनी दारातच विचारलं. "अगं, मंगळवारी बाबांची तिथी आहे."

"काका, ते खरं आहे. गेंड्याचंच. पण जुनं नाही. दोन वर्षांपूर्वी ती मादी जिवंत होती."

"शक्य नाही. एरर किती धरलीस?"

"एखादं वर्ष इकडेतिकडे. शंभर नाही."

ते सोफ्यावर बसले. मी विचारलं, "पैसे दिल्यावर लगेच आलं होतं?"

"लगेच कसलं!" स्वयंपाकघरातून सरलाकाकू म्हणाल्या. "सात-आठ महिने लागले. मी तर म्हटलं, बुडाले पैसे."

वस्तू तयार असेल तर सात-आठ महिने कशाला लागतील, हे काकांना समजावण्याची गरज नव्हती.

"म्हणजे मी सांगितल्यावर मारली?"

"नक्की नाही सांगता येत. मुळाकडचा थोडा भाग कोरताना गेला असेल, म्हणजे ती २००४नंतरही जगली असेल. आधी मारलेलीही असू शकते." मी त्यांच्यासमोर बसले. "काका, लॅबचा नियम आहे. सोमवारी मला हे वन्यजीवांच्या फेडरल ऑफिसला कळवावं लागेल. पात्र परत मिळणार नाही."

काकू हात पुसत बाहेर आल्या. "कळवायचं? कोणाला? देवयानी, ह्यांचं ग्रीन कार्ड व्हायचंय अजून. चार वर्षं तू या घरात जेवतेयस!"



काका मात्र भलतीकडेच बघत होते. "विक्रमचं अजून आलेलं नाही," ते म्हणाले.

विक्रम म्हणजे त्यांचा कॉलेजातला मित्र, अमेरिकेतच, रेडमंडला असतो. काकांनीच त्याला पात्र विकणाऱ्याचा नंबर दिला होता. त्याचं पात्र आलं नव्हतं, म्हणजे कदाचित एक गेंडा अजून कुठंतरी चरत होता. मी काही म्हणायच्या आत काकांनी फोन लावला, स्पीकरवर.

"बोला शास्त्रीबुवा!" विक्रम हसत होता. "मुहूर्त काढलात का?"

"विक्रम, ती ऑर्डर कॅन्सल कर. आत्ता. पैसे मी देतो."

"कॅन्सल? यार, परवाच त्याचा फोन आला. मोठा पीस मिळालाय म्हणे. माझं होऊन वर आणखी एक होईल. तुझ्या ओळखीत कोणाला हवंय का, विचारत होता." तो थांबला. "हॅलो? जग्या? आवाज येतोय का? इकडे धो-धो पाऊस लागलाय."

काकांनी फोन ठेवला. मग काकू हळू आवाजात म्हणाल्या, "आता तर झालंच ना ते. आता कळवून काय होणार?"

"आणखी एक होईल म्हणाला," काका म्हणाले. "गिऱ्हाईक शोधतोय तो." त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. "नंबर दे त्या ऑफिसचा. सोमवारपर्यंत थांबायला नको."

"काका, आधी वकिलाशी बोला."

"नंबर दे."

शनिवार असल्यामुळे तिकडे रेकॉर्डिंग लागलं. काकांनी स्वतःचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं, मग पत्ता. मग विकणाऱ्याचं नाव आणि नंबर. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. काकांनी श्वास घेतला, आणि तितक्याच सावकाश, एकेक अक्षर करून, विक्रमचं नाव सांगितलं.