ळ म्हणणारा आवाज

आमच्या लेकीचं, दीप्तीचं लग्न झालं ते साल 2021. त्या मार्गशीर्षात मांडवाचे बांबू अजून गल्लीत पडलेले होते आणि आमचे हे भरदुपारी रजईत डोकं खुपसून फोनशी बोलत बसले होते.

"क्या आपके पास हवाई जहाज़ का टिकट है?" रजईतून आवाज आला. मग डोकं बाहेर काढून हे मला म्हणाले, "कमळा, जन्मभर एरचच्या बसचं तिकीट फाडलं. आता शेवटाला विमानाचं."

"गुमान वाचा," मी म्हटलं. "पुन्हा हसलात तर पुन्हा पहिल्यापासून करायला लावेल तो."

ह्यांच्या घशात गाठ निघाली होती. लग्न आटोपल्यावर ऑपरेशन करू, असं ह्यांनीच डॉक्टरला सांगितलं होतं. स्वरयंत्र काढून टाकणार, म्हणजे आवाज जाणार, हे आधीच कळलं होतं. तेव्हा दीप्तीनं सासरी जायच्या आधी कुठल्याशा कंपनीचं ॲप ह्यांच्या फोनवर घातलं. ते दाखवील ती वाक्यं मोठ्यानं वाचायची. पुढे हे फोनवर जे लिहितील ते फोन ह्यांच्याच आवाजात बोलणार. त्याला शांतता लागायची, आणि झाशीत ओरछा गेटच्या आमच्या गल्लीत शांतता कुठली? म्हणून रजई.

"मराठी नाही का गं त्यात?" मी दीप्तीला विचारलं होतं.

"नाही ना, आई. हिंदी आहे, इंग्रजी आहे. अपनी मराठी कोण विचारतो?"

हे रोडवेजमध्ये कंडक्टर होते. "एरच, एरच, एरच" अशी ह्यांची हाक बसअड्ड्याबाहेर चहावाल्यापर्यंत जायची. माझं माहेर एरचचं. त्या हाकेवर मी कित्येकदा बस पकडली होती, लग्नाच्या आधीही.

माझ्या नावाचं एक सांगायला हवं. झाशीत मला सगळे कमला म्हणतात. शेजारीपाजारी, रेशनवाला, डॉक्टर, सगळे. हिंदी बोलणाऱ्याला ळ म्हणता येत नाही, त्यात त्यांचा काही दोष नाही. आमची दीप्तीसुद्धा हिंदी शाळेत शिकली, ती "चहा गाल" म्हणते. सासूसासरे गेले, माझे भाऊ गेले, आणि माझं नाव नीट घेणारा ह्यांचा एकटा गळा उरला होता.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, त्यावर रुमाल. घरी आल्यावर ह्यांनी फोनवर बोटं चालवली आणि फोन बोलला, "कमला, चाय दो।"

आवाज ह्यांचाच. शेवटचा शब्द जरा ओढायची लकबही तीच. मी चहाचं भांडं तसंच खाली ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले. मग लक्षात आलं की हे माझ्याशी हिंदीत बोलले. उभ्या जन्मात कधी बोलले नव्हते. आणि नावही कमला.

त्यांच्याही लक्षात आलं होतं. त्यांनी पुन्हा ळ घालून लिहिलं, फोन ल म्हणाला. मग युक्ती केली, ड लिहून खाली टिंब दिलं. फोन म्हणाला, "कमड़ा।"

"चमड़ा म्हणताय की काय मला," मी म्हटलं. हे हसले. हसण्याचा आवाज नव्हता, नुसते खांदे हलले.

मराठी बोलायचं तर आता लिहूनच, आणि मला अक्षर येत नव्हतं. आई लवकर गेली. भाऊ शाळेत गेले, मी चुलीपाशी राहिले. तेव्हा ह्यांनी मला साठीनंतर शिकवायला घेतलं. शिकवणारा मुका. वर्तमानपत्राच्या कडेला हे अक्षर काढायचे, फोनवर तेच दाबायचे आणि फोन म्हणायचा, क. मी म्हणायची, क. असं करत ळ आला. फोन म्हणाला, ल. ह्यांनी फोन पालथा टाकला, माझ्यासमोर तोंड उघडलं आणि जीभ उलटी वळवून टाळूला लावून दाखवली.

"ळ," मी म्हटलं. ह्यांनी मांडीवर थाप मारली. बाकीची अक्षरं मी यंत्राकडून शिकले, एवढं एक त्यांच्या तोंडातून.

मग 2023 च्या उन्हाळ्यात सदर बाजारात औषधाच्या दुकानी हे उभे होते. दुकानदाराला सांगायला फोनवर लिहिलं आणि बटण दाबलं. फोनमधून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "कृपया दोबारा लॉगिन करें।"

"ये कौन सी दवाई है, चाचा?" दुकानदार म्हणाला. मागचे लोक हसले. ह्यांनी पुन्हा दाबलं. बाईनं पुन्हा तेच सांगितलं. औषध मीच मागितलं आणि आम्ही रिक्षानं घरी आलो.

दीप्ती सासरहून, नागपूरहून आली. दिवसभर त्या कंपनीशी लिहून लिहून भांडली. तिकडे माणूसच नव्हता, यंत्रच उत्तर द्यायचं. अखेर कळलं ते असं की ती कंपनी दुसरीनं विकत घेतली. जुनं ॲप बंद होणार. ह्यांचा आवाज नव्या ॲपमध्ये घेतील, पण तिथेही हिंदीच, इंटरनेट नसलं तर मुकं, आणि आवाज काढून आपल्या हातात देणार नाहीत. मुदतीच्या आत कबूल आहे म्हणून कळवलं नाही तर आवाज पुसून टाकतील.

"अगं, पण आवाज तर ह्यांचा आहे," मी म्हटलं.

"आवाज बाबांचा, आई. पण त्यातून मशीनमध्ये जो बनला, तो कंपनीचा."

"म्हणजे दूध आमचं आणि दही त्यांचं?"

"तसंच समज."

ह्यांचा आवाज आणखी कुठे आहे का ते आम्ही शोधलं. दीप्तीच्या लग्नाची फिल्म होती. तीत हे मांडवाच्या दाराशी उभे राहून पाहुण्यांना या, बसा म्हणतात, व्याह्यांशी हसून बोलतात. पण फिल्मवाल्यानं सगळ्या आवाजावर गाणी घातली होती. ओठ हलताना दिसायचे, आणि वर शहनाई.

दुसऱ्या दिवशी दीप्तीनं फोनवर वेगळंच काहीतरी घातलं. "बाबा, हे फुकट आहे. कुणा एकाचं नाही, सबका है. लोकांनी मिळून बनवलंय. इंटरनेट नको, लॉगिन नको. मराठी आहे. शब्द चुकला तर तुम्ही स्वतः सुधारा."

ह्यांनी कागदावर लिहिलं, "धर्मशाळा."

"हो, धर्मशाळाच. पण इथून कोणी बाहेर काढणार नाही तुम्हाला."

ह्यांनी पहिला शब्द लिहिला आणि बटण दाबलं. पडसं झालेला शिपाई डबड्यात तोंड घालून बोलावा, तसा आवाज आला. "कमळा."

ळ अगदी बरोबर होता. मला मात्र नको झालं.

"हे काढ," मी दीप्तीला म्हटलं. "त्या लोकांना कबूल आहे म्हणून कळव. हिंदी तर हिंदी. मला ह्यांचा आवाज पाहिजे."

हे मान हलवून नको म्हणाले. मी जेवायला वाढलं, पण बोलले नाही. दीप्ती म्हणाली, "वा. एक मुका होता, आता दुसरी रुसून मुकी."

संध्याकाळी ह्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. मला वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी काढली होती. मी एकेक लावत गेले. "माझा आवाज तुला दुसरीच्या नावानं हाक मारतो."

"मारू दे," मी म्हटलं. "मी ओ देईन."

 ह्यांनी दीप्तीच्या हातून फोन घेतला. "बाबा, पक्का? परत येणार नाही मग," ती म्हणाली. कंपनीनं कबूल आहे का असं विचारलं होतं, त्याखालच्या नाहीच्या खुणेवर ह्यांनी बोट ठेवलं. एवढ्यानं काम झालं. त्या आवाजात मी पुन्हा काही ऐकलं नाही.

पुढे सवय झाली. कशाचीही होते. हे रोज बसून त्या धर्मशाळेला आमच्या घरचे शब्द शिकवायचे. मग बुंदेली शिकवली. सकाळी नळ उशिरा आला की खिडकीतून फोन बाहेर धरायचे, "काए भैया, पानी नईं आओ का?" पालिकेचा माणूस दचकून इकडेतिकडे बघायचा. गल्लीतली माणसं त्या आवाजाला दरोगा, म्हणजे फौजदार, म्हणायची. "चाची, आज दरोगाजी चुप हैं?" असं मला विचारायची. मीही कधीतरी त्या आवाजाला ओ द्यायला लागले, ते कधीपासून ते सांगता येणार नाही.

माघात गाठ पुन्हा आली, या वेळी खाली छातीकडे. इस्पितळात ह्यांना ठेवलं त्या हॉलमध्ये कुणाच्याच फोनला रेंज नव्हती. ह्यांचा दरोगा तेवढा बोलायचा. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी त्यानं मोठ गावाहून एरचला जाणाऱ्या रस्त्यावरच्या खड्ड्यांच्या गप्पा मारल्या.

मग बोटं थकली. एक दिवस सकाळी मी उशाशी बसले होते. ह्यांनी फोन छातीवर घेतला आणि लिहायला लागले. दोन अक्षरं झाली आणि बोट घसरून बटणावर पडलं. फोन म्हणाला, "कम."

नर्स सलाइन बदलत होती. चांगली मुलगी होती. "कम? पंखा कम करूँ, दादाजी?" ती म्हणाली, आणि जाऊन पंखा कमी केला.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. खांदे थोडे हलले. मी तिला काही सांगितलं नाही. हॉलमध्ये उकडत होतं. मी पदरानं ह्यांना वारा घालत बसले.

माझे यजमान रमाकांत शितोळे 2024 च्या होळीच्या दोन दिवस आधी, दुपारी, त्याच खाटेवर वारले.