लेथवरचा काठोकाठ पेला

मर्गिलान शहरात उस्ता, म्हणजे उस्ताद, हमरोकुल यांचा लेथ सुरू झाला की शेजारी माझ्या कोंबड्या फेटलेलीच अंडी घालायच्या, इतकी त्याची थरथर. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा. पुढच्या गोष्टीत मात्र मीठमसाला नाही, कारण तिच्यात माझीच मान खाली जाते.

चाळीस वर्षं हमरोकुल यांनी रेशमाच्या रहाटांना लोखंडी चात्या कातून दिल्या. माशी बसली तर घसरावी अशा गुळगुळीत. त्या वसंतात मात्र विणकरीण नसीबा तीन चात्या परत घेऊन आली. त्यांच्या अंगभर बारीक लाटा, त्यात अडकून धागा तुटत होता. तिने चात्या रुमालात गुंडाळून उंबऱ्यावर ठेवल्या आणि गेली.

उस्तांचा हात त्याच वर्षी कापू लागला होता, चहाचा पेला धरताना दिसायचं. कातायचा तुकडा पकडून फिरवणारा लेथचा जुना चक तडकला म्हणून त्यांनी भंगारबाजारातून दुसरा आणून बसवला होता, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण माणूस हाताशी असताना लोखंडावर संशय कोण घेतो? चहाखान्यात मीच म्हणालो, हात गेला, उस्ता संपला. ते त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी निरोप धाडला की शुक्रवारी नमाजनंतर पाच वडीलधाऱ्यांनी, त्यांत मीही, यावं, त्यांच्यासमोर कमरबंद सोडणार. तो शिकणं पुरं झाल्यावर गुरूने स्वतः बांधलेला असतो. एकदा सोडला की माणूस पुन्हा हत्याराला शिवत नाही.

भिंतीवरून डोकावायची मला जुनी खोड. बुधवारी डोकावलो, तर त्यांची मुलगी ओयदिन, औषधाच्या दुकानात पुड्या तोलणारी, चहा घेऊन आली होती. पेला तिने काठोकाठ भरला. आमच्याकडे पेला अर्धाच देतात, पुन्हा पुन्हा भरायला मिळावा म्हणून. काठोकाठ भरलेल्या पेल्याचा अर्थ एकच, आता उठा.

उस्तांचा चेहरा राखेसारखा झाला. "पोरी, शुक्रवारपर्यंत तरी थांबायचं होतंस," ते म्हणाले, आणि हात कमरेकडे गेला.

"तुम्हाला नाही तो, बाबा. लेथला आहे. तुम्ही त्या खाटेवर बसा, हात काखेत घालून."

तिने पेला लेथच्या डोक्यावर ठेवला आणि खटका दाबला. चहा नाचायला लागला, काठावरून सांडला. उस्ता पंधरा पावलांवर, हात काखेत.

"आता सांगा, कोण कापतंय?"

उस्तांनी हात काखेतून काढले. मग उठले, चक उतरवला आणि लेथ नुसताच फिरवला. चहा निश्चल. म्हणजे खोट चकात.

चक एका दांड्यावर चढवून त्यांनी तो पातळीत लावलेल्या दोन सरळ पट्ट्यांवर सोडला. तो हळूच लोळला, थांबला. दहा वेळा फिरवला, दहाही वेळा तीच बाजू खाली. तिथे खडूची खूण केली. समोरच्या हलक्या बाजूला तंदूरची ओली माती चिमूट चिमूट लावत गेले, चक सोडावा तिथेच थांबू लागेपर्यंत. ओयदिनने ती माती तोलली. मध्यापासून तेवढ्याच अंतरावर, जड बाजूला मागून भोक पाडून, तेवढ्याच वजनाचा कीस त्यांनी काढला. चक परत बसवला, पेला भरून ठेवला. चहावर तरंगणारी काडीसुद्धा हलली नाही.

नवी चाती गुरुवारी नसीबाकडे गेली. दिवसभर धागा तुटला नाही.

हे सगळं पाहूनही मी शुक्रवारी गेलो. नाही म्हणायला तोंड नव्हतं. बाकीचे चौघे दुःखी चेहरे करून बसले होते. उस्ता आले, कमरबंद घट्ट. चहा स्वतःच ओतू लागले. किटलीची चोच पेल्याच्या काठावर किणकिणत होती. कोणी वर पाहिलं नाही. पाच पेले भरले. पाचही काठोकाठ.

माझा शेवटचा.

"हात कापतो, तोशतेमिर-आका," ते माझ्याकडे पाहत शांतपणे म्हणाले. "मी कुठे लपवतोय? चक आता कापत नाही."

पेला टाकून उठणं आमच्यात शोभत नाही. मी एका दमात प्यायलो आणि उठलो. जीभ भाजली. गुन्हा तिचाच होता.