उन्हाने केलेला तपकिरी

धाकटी कवळ्या बनवायची. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं, आणि दाताचा रंग जुळवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचा नियम एकच: नवा दात नवा दिसता कामा नये, शेजारचे दात बघून रंगवायचा. शेजारी पिवळट असतील तर हाही पिवळट. नाहीतर माणूस हसतो आणि लोकांना तेवढा एकच दात दिसतो.

बाबांची जुनी गाडी तिच्याकडे आली तेव्हा तिने हाच नियम लावला. बाबा गेल्यापासून गाडी थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, दारात झाकून उभी होती. इंजिन ठणठणीत, पण आतल्या प्लॅस्टिकची पार रया गेलेली. डॅशबोर्ड, दारांच्या पट्ट्या, काचेच्या कडा, सगळ्यावर पांढुरकी झाक. धाकटीने एकेक पट्टी खोलायला घेतली, साबणाच्या पाण्यात घासली, बारीक पॉलिश पेपर फिरवला. प्लॅस्टिक हे मोठं मानी प्रकरण. आधी प्रायमरने मनधरणी केली नाही तर रंग अंगाला लावून घेत नाही. तेही झालं. मग सीटकडे, छताकडे, सगळ्या शेजारपाजाराकडे बघून तिने रंग कालवला. फिकट, धुळकट तपकिरी, तिच्या लहानपणातला.

दुपारी कवळ्यांचं काम आटोपलं की ती मास्क चढवून एकेक पट्टी रंगवायची. स्प्रेचे बारीक कण खिडकीतल्या उन्हात तरंगत राहायचे, खाली बसायची घाईच नसल्यासारखे. बघता बघता तिला वाटायचं, आपण मागच्या सीटवर आडव्या आहोत, काचेतून झाडांचे शेंडे मागे वाहताहेत, खालून इंजिनची घरघर अंगात भिनतेय, आणि पुढे बाबांची मान. गाडी चालवताना बाबा ब्र काढायचे नाहीत. मूग गिळून बसलेली ती मान तिने इतकी पाहिली होती, की बाबा म्हटलं की चेहऱ्याच्या आधी तीच आठवायची.

ताईच्या आठवणीतले बाबा निराळेच. ताई तिच्याहून बरीच मोठी, आणि ताईचे बाबा गाडीत गळा मोकळा सोडून गायचे. स्टिअरिंगवर ठेका धरायचे. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसालाही सूर लावायला भाग पाडायचे. आणि ह्याच गाडीचं आतलं प्लॅस्टिक, ताईच्या म्हणण्याप्रमाणे, हिरवं होतं.

"हिरवं," धाकटी म्हणायची, "आणि मी आंधळी."

ताई वडाची साल पिंपळाला लावते, असं तिने फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. तसं ठरवल्याशिवाय तिला गत्यंतर नव्हतं. गाणारे बाबा खरे असतील, तर ते तिच्या जन्माबरोबर गप्प झाले असा अर्थ निघत होता. तो तिला सोसला नसता.

शेवटी राहिली डॅशबोर्डवरची, काचेलगतची पट्टी. ती निघता निघेना. कशीबशी निघाली, तेव्हा पत्र्याखाली दडलेली तिची कड उजेडात आली. मटाराच्या शेंगेसारखी हिरवी, नुकतीच तोडून आणल्यागत ताजी.

धाकटी पट्टी मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. तिची नजर असली तयार, आणि आयुष्यभर ती म्हातारपणाला जन्माचा रंग समजत आली होती. आताही शेजारी बघून तिने तेच केलं होतं. म्हणजे ताई खोटं बोलत नव्हती. म्हणजे बाबा गात होते. तिला एकदम लहान आणि एकटं वाटलं, आणि आपण बाबांना नकोशा होतो असंही. तिने ताईला फोन लावला आणि नुसतं "ये" म्हणाली.

ताई आली, कड पाहिली आणि लढाई जिंकल्यासारखी स्टुलावर बसली. "मी काय म्हणत होते?"

"ताई, बाबा खरंच गायचे?"

"सांगून सांगून जीभ झिजली माझी."

"मग बंद कधी झाले?"

"तू झालीस तेव्हा."

"म्हणजे माझ्यामुळे."

"तुझ्यामुळेच की," ताई अगदी सहज म्हणाली. "तुला घरात झोप कुठे यायची? नुसता टाहो. गाडीत घातलं की मात्र डोळे मिटायचीस. मग बाबा तुला घेऊन फिरत राहायचे. आणि त्यांनी नुसतं गुणगुणलं तरी तू टक्क जागी. पुन्हा सगळं पहिल्यापासून. मग काय, शिकले बिचारे तोंड मिटून गाडी चालवायला. मलाही दटावायचे."

"पण मी मोठी झाल्यावर?"

"मोठी झालीस तरी गाडीत बसलीस की पेंगायचीस. आणि सवय लागते गं माणसाला."

उन्हात रंगाचे कण अजून तरंगत होते. धाकटीने पट्टी उलटीसुलटी केली. "पण गाडीला गॅरेज होतं ना आपल्याकडे? हे एवढं ऊन कसं खाल्लं हिने?"

"गॅरेजचं दार तुझ्या खिडकीखाली होतं. जरा ढकललं की करकर वाजायचं. तेल घालून पाहिलं, काही उपयोग नाही. मग तुला खांद्यावरून आणून निजवायचे, आणि गाडी राहायची बाहेर. आई ओरडायची, उन्हात गाडीची वाट लागतेय. ते म्हणायचे, लागू दे." ताईने हिरव्या कडेवर बोट ठेवलं. "आता हाच कालव. नमुना समोर आहे."

धाकटीने ती कड पदराने हलकेच पुसली. मग हात लांब करून तपकिरीची बाटली घेतली आणि हलवायला लागली.

"अगं, एवढं रामायण सांगितलं, आणि शेवटी तपकिरीच?"

"हिरवा तुझा, ताई. तुझ्याकडे गाणं आहे त्याचं. हा माझा. हा बाबांनी माझ्यासाठी केलाय."

धाकटीने पट्टी घडवंचीवर आडवी ठेवली आणि उजेडाकडे तोंड करून उभी राहिली. रंग देताना ती रडली, चांगली हमसून रडली, पण पट्टीवर एकही ओघळ येऊ दिला नाही.